रंगाचा रकाना

कोक-तेके निरीक्षण केंद्र
१ जुलै १९९७

बर्फ मोजायची चौथी काठी आडवी झाली, नुरझादा. तिच्यासाठी नवं भोक पाडताना गिरमिट बर्फात अडकलं. ऊन लागून सुटेपर्यंत दुसरं काम नाही, म्हणून काठीवर पाय ठेवून हे लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर दोष बर्फाचा.

काठ्यांचे आकडे मागच्या पानावर आहेत. दहा दिवसांत बर्फ एकसष्ट सेंटिमीटर उतरलं. वरच्या तळ्याची पातळी तीन वेळा घेतली: २१२, २१९, २२४. नदीचं पाणी काल सकाळपासून काळं आहे. तेही लिहून ठेव.

रेडिओची बॅटरी मेली ती मेलीच. अर्ज केला आहे. तोवर एशिमकुलचा ट्रक आहे. बुधवारी आणि शनिवारी तो घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे कॅन घेऊन तुमच्या बाजारात येतो, दुसऱ्या दिवशी परत फिरतो. पत्रांना कुमिसचा वास येतो अशी तुझी तक्रार आली. येणारच.

खालच्या सपाटीवर यंदाही नऊ लोकरी तंबू, नऊ युर्ता लागल्या आहेत. कोजोमुरात परवा वर आला होता. घोड्यावरून उतरायच्या आधीच म्हणाला, "काय रे तोलोमुश, यंदा पूर कुठल्या वारी? बायकांना लोकर धुवायची आहे, तारीख कळली तर बरं." गेल्या वर्षी माझ्या सांगण्यावरून ते सगळे अकरा दिवस वरच्या कड्यावर जाऊन बसले. वाऱ्यात चार कोकरं गेली. तळं गुपचूप रिकामं झालं आणि पूर आला नाही. तेव्हापासून मी पूरवाला. मी त्याचं घोडं बांधलं. या वयात आणखी किती बोलायचं.

तुझी मामी तुझ्यासाठी दह्याच्या गोळ्यांचं कुरुत वाळवते आहे. आणि भाचीला तायाकेंकडून, मामांच्या घराण्याकडून, तीन गोष्टी मागता येतात, त्यातली तिसरी तू अजून मागितलेली नाहीस. पाच वर्षांची असताना शिंगरू घेतलंस, शिकायला जाताना माझा कोट. तिसरं लवकर माग. मागण्यासारखं फार काही उरलेलं नाही.

गिरमिट सुटलं.

तोलोमुश

*

बिश्केक
५ जुलै

तायाके,

पत्र मिळालं. सगळे आकडे तक्त्यात भरले, पाण्याचा रंगही. रंगाच्या रकान्यात आता मनाचे शब्द चालत नाहीत. तीनच पर्याय आहेत, त्यातला एक निवडायचा. त्यामुळे काम लवकर होतं असं म्हणतात. माझं होत नाही. पूर्वी कचेरीच्या या खोलीत पाच जणी होत्या, आता मी आणि एक पंखा.

साहेबांनी तुमच्या तळ्याचे आकडे पाहिले. गेल्या वर्षीच्या आकड्यांशी अगदी जुळतात म्हणून खूश झाले. म्हणाले, कोक-तेके हे एकच केंद्र असं आहे की जिथं काही बिघडत नाही. शरद ऋतूत चार केंद्रं बंद करायची आहेत. तुमचं नाव त्या यादीत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं नाही, पण सांगितलं.

अपाचे पाय सुजतात, आई आता थकली. डोळ्यांना आता अक्षरं लागत नाहीत. तुमचं पत्र वाचून दाखवायला हवं होतं, पण मी सातला घरी येते आणि बसल्या जागी डोळे मिटतात. "भाऊ बरा आहे, काठ्या मोजतो आहे," एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "काठ्याच मोजणार. लहानपणी मेंढ्या मोजायला दिल्या तर तीन हरवायचा."

तिसरी मागणी राहू दे. माझ्या खोलीत शिंगरू मावणार नाही.

तुमची नुरझादा

*

कोक-तेके
११ जुलै

नुरझादा,

काठ्या: सात. मागच्या पानावर.
तळं: २२९, २३३.
पाणी: काळं. आज बारा दिवस झाले.

तू पाण्याबद्दल काही विचारलं नाहीस. मला वाटलं होतं विचारशील. मग म्हटलं, ती शिकलेली आहे, तिच्यासमोर सगळ्या डोंगरांचे आकडे असतात. तिला काही वाटलं नाही, तर नसेल काही. असं धरून मी झोपतो.

खाली सगळे खूश आहेत. पाणी घोट्याएवढं उरलं आहे. बायका भर नदीत बसून लोकर धुतात. मुलं ओंजळीनं पाणी पितात, मासे दिसतात म्हणून ओरडतात. कोजोमुरातनं आपली युर्ता आणखी पुढे, पार पाण्यापाशी नेली. इतरही नेताहेत. तिकडे गवत चांगलं आहे. परवा मी उतरलो होतो, तर म्हणाला, "नदी सुधारली रे. म्हातारी झाली की बायका सुधारतात, तशी." त्याची बायको तिथेच दूध घुसळत होती. ती म्हणाली, "आणि पुरुष?" 

मी पाण्याविषयी एक शब्द काढला असता. पण उम्सुनाय आजीनं बसायला दिलं, भाकरी पुढे केली, आणि कोणीतरी मागून म्हणालं, "पूरवाल्याला लोणी द्या, गेल्या वर्षी कोकरं देऊन झाली आहेत." भाकरी खाल्ली आणि वर आलो.

पत्र माझ्या एजेला, तुझ्या आईला वाचून दाखव. तिला वेळ असतो.

तोलोमुश

*

बिश्केक
१२ जुलै, संध्याकाळ

तायाके,

एशिमकुल उद्या सकाळी निघतो, तोपर्यंत हे त्याच्या हातात गेलं पाहिजे.

तुम्ही म्हणालात म्हणून पत्र अपाला वाचून दाखवलं. ती ओट्यापाशी उभी राहून कणीक मळत होती. "पाणी काळं, बारा दिवस" इथं आल्यावर तिचे हात थांबले.

"परत वाच."

वाचलं.

"कुठलं पाणी? झऱ्याचं?"

"नदीचं, अपा. कोक-तेकेची नदी."

"जुलैत?"

"हो. गढूळ झालं आहे. उन्हाळ्यात होतंच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांना दिसत नाही, तरी पाहिलं. म्हणाली, "गढूळ कोणी सांगितलं तुला?"

"काळं म्हणजे गढूळच ना?"

"कुठल्या शाळेत घातलं मी हिला," ती कणकेला म्हणाली. मग माझ्याशी बोलली. "अगं, बर्फाचं पाणी पांढरं असतं. ताकासारखं. आणि काळं म्हणजे झऱ्याचं, ज्यातून तळाचे काळे दगड दिसतात ते. कारा-सू. तुझ्या आजोळच्या गावात असे तीन झरे आहेत, त्यांचं पाणी पिऊन मी वाढले. जुलैत ती नदी काळी कशी होईल? जुलैत ती पांढरीच असते. काळी झाली म्हणजे वरचं पाणी येत नाही. आणि वर ऊन तर पडतंय. मग ते पाणी जातंय कुठे?"

 आमच्या तक्त्यात तीन पर्याय आहेत: पांढरं, गढूळ, स्वच्छ. मी दोन्ही वेळा गढूळ निवडलं. जुलैत गढूळ म्हणजे नेहमीचंच, म्हणून त्या ओळीकडे कोणी पाहिलं नाही. तुम्हाला वाटलं मी पाहते आहे. मला वाटलं तुम्ही पाहता आहात.

आता एकच विचारते, आणि रागावून विचारत नाही. अपा झोपल्यावर तुमचे आकडे उतरवलेली माझी गेल्या वर्षीची वही काढली. २१ जून ते १० जुलैला तळ्याचे आकडे २१२, २१९, २२४, २२९, २३३ असेच आहेत. पाणी वर अडलं असेल तर तळं फुगायला हवं. तायाके, तुम्ही तळ्यावर शेवटचे कधी गेला होतात?

नुरझादा

*

कोक-तेके
१५ जुलै

नुरझादा,

मे महिन्यात.

डावा गुडघा वाकत नाही. तळ्यापर्यंत जायला दगडांतून चार तास चढावं लागतं. जूनमध्ये दोनदा निघालो आणि अर्ध्यावरून परत आलो. तिसऱ्यांदा निघालोच नाही. टेबलाशी बसलो, गेल्या वर्षीची वही उघडली आणि आकडे उतरवले. वाटलं, एवढ्या वर्षांत तळं असं किती बदललंय. चौतीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. हे तू कोणाला सांगावंस अशी माझी इच्छा नाही, पण सांगावं लागेल हे मला कळतं. वेगळ्या कागदावर सही करून लिहिलं आहे. साहेबांना दे. दारातून दिसतो तो नदीचा रंग तेवढा मी खरा लिहीत होतो.

काल गेलो. जायला-यायला मिळून अकरा तास लागले. काही ठिकाणी बसून घसरत उतरलो. पातळी मोजायला खडकावर तीन मीटरपर्यंत खुणा रंगवल्या आहेत. सगळ्यात वरची खूण लाल. ती पाण्याखाली आहे, दीड हातावर. पाण्यातून दिसते. बर्फाखालचा जो बोगदा उन्हाळ्यात तळं रिकामं करतो, त्याचं तोंड बर्फाच्या ढिगाऱ्यानं बुजलं आहे. तिथून थेंबही बाहेर येत नाही. बर्फाचा बांध आतून कण्हतो आहे. किती दिवस धरेल हे मला सांगता येणार नाही. आठवडा, दोन दिवस. खालचं गाव नदीपासून उंचावर आहे, त्याला भीती नाही. सपाटीवर एक्केचाळीस माणसं आहेत.

आज उतरून त्यांना सांगितलं. कोजोमुरात म्हणाला, "गेल्या वर्षी पाणी वाढलं म्हणून पूर येणार होता. यंदा आटलं म्हणून येणार. तोलोमुश, ज्या वर्षी येणार नाही ते वर्ष सांग, आम्ही लिहून ठेवतो." सगळे हसले. मीही थोडा हसलो, सवयीनं. त्याच्या सुनेनं हळूच विचारलं, "वरून सरकारी कागद आला का, आके?" नाही म्हटलं. "कागद आला तर निघू," ती म्हणाली. ती वाईट बाई नाही. तिचं मूल चाळीस दिवसांचंही झालेलं नाही. त्याला उगीच वाऱ्यात न्यायचं नाही एवढंच तिचं म्हणणं.

मी उगीच म्हणत नाही हे त्यांना कसं सांगायचं ते मला कळत नाही. गेल्या वर्षीही मी उगीच म्हटलं नव्हतं.

कागद मिळव.

तोलोमुश

*

बिश्केक
१७ जुलै, सकाळ

तायाके,

कागद मिळाला नाही.

एशिमकुल काल बाराला आला. साडेबाराला मी साहेबांच्या दारात होते. तुमचं सही केलेलं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. ते आरडाओरड करणारे नाहीत. थकलेले आहेत, माझ्यासारखेच.

"म्हणजे जूनपासूनचे सगळे आकडे खोटे."

"तळ्याचे. काठ्यांचे खरे आहेत."

"हे कोण म्हणतं?"

"तेच."

"आणि पाण्याचा रंग?"

"तोही खरा आहे. चूक माझी झाली. मी गढूळ भरलं."

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "नुरझादा, ज्यानं महिनाभर आकडे बनवले, तो आता म्हणतो तळं भरलं. त्यानंच गेल्या वर्षी नऊ कुटुंबं कड्यावर नेली आणि काही झालं नाही. त्याच्या शब्दावर मी स्थलांतराचा आदेश कसा काढू? आणि तो तुझा मामा आहे, हेही लोक बोलतील." एक तारखेनंतर पाहणी करायला समिती पाठवतो म्हणाले. हेलिकॉप्टर मिळालं तर. तुमचं केंद्र यादीत गेलं. हे मी आताच सांगून टाकते, म्हणजे नंतर सांगायला नको.

तुम्ही खोटं कबूल केलं म्हणून ते खरं मानायला तयार नाहीत. खोटंच चालू ठेवलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. यावर रात्री फार विचार केला. काही निष्पन्न झालं नाही.

घरी येऊन अपाला सांगितलं. तिनं सुजलेले पाय उशीवर घेतले. मग म्हणाली, "सरकारचा कागद नाही, तर नाही. तू त्यांची कोण?"

"कोणाची?"

"सपाटीवरच्यांची. नऊही घरं माझ्या वडिलांच्या वंशातली. कोजोमुरात माझा चुलत भाऊ. ते सगळे तुझे तायाके, तू सगळ्यांची जेएन, भाची. तिसरं मागणं राहिलंय ना तुझं?"

सोबत दुसरा कागद आहे. तो सगळ्यांसमोर वाचा. तुम्हीच वाचा, आणि हसू नका. मी तुम्हाला ओळखते. लाज वाटली की तुम्ही हसता.

आज दिवसभर मला काम सुचणार नाही.

नुरझादा

[सोबतचा कागद]

सपाटीवरच्या माझ्या सगळ्या तायाकेंना आणि माम्यांना नमस्कार.

मी तुमच्या बहिणीची मुलगी नुरझादा. मी तुमच्याकडे दोनदा मागितलं आणि दोन्ही वेळा मिळालं. आज तिसऱ्यांदा मागते. नदीकाठच्या ज्या जमिनीवर तुमच्या युर्ता उभ्या आहेत ती जागा मला हवी. हद्दीच्या दगडांपासून जुन्या पुलापर्यंत, कड्याच्या पायथ्यापर्यंत, सगळी. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मोकळी करून द्या. तिचं काय करायचं ते माझं मी बघेन. ऑगस्ट संपला की परत देईन.

मला दुसरं काही नको. यापुढे कधी मागणार नाही.

*

कोक-तेके, वरचा कडा
१८ जुलै, संध्याकाळ

नुरझादा,

पत्र आज सकाळी मिळालं. लगेच खाली गेलो. सगळ्यांना कोजोमुरातच्या युर्तेत बोलावलं आणि वाचलं. हसलो नाही.

वाचून होईपर्यंत सगळे माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होते. मग कोजोमुरात म्हणाला, "हे तू लिहून आणलंस."

मी कागद त्याला दिला. तुझं अक्षर त्याला ठाऊक नाही, पण त्याच्या सुनेला आहे. तू तिच्या लग्नात नावांची यादी लिहिली होतीस. तिनं पाहिलं आणि मान हलवली.

"जागा आमची थोडीच आहे," तो म्हणाला. "कुरण सगळ्यांचं. आमचं नाही ते कसं देणार?"

"मग द्यायला काय जातं तुझं?" उम्सुनाय आजी म्हणाली.

"अगं, कारण उघड आहे. पुन्हा तोच पूर. हा याचा डाव आहे."

"असेल. शिंगरू मागितलं तेव्हा कारण विचारलं होतंस? मुलगी काय मागते ते मुलगी बघेल. दारात आलेल्या जेएनला नाही म्हटलेलं घर मी या वयापर्यंत पाहिलं नाही. तुला पहिला व्हायचं असेल तर हो. मग जेएनला नाकारणाऱ्याचे कापतात तसे हात थरथर कापायला लागले की माझ्याकडे चोळून घ्यायला येऊ नकोस."

सगळ्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. त्यानं हात गुडघ्याखाली घातले. म्हणाला, "कापत नाहीयेत." तेव्हा मात्र सगळे हसले, आणि मला कळलं की आता निघतील.

दुपारपासून युर्ता सोडत होते. चिडून, एकमेकांवर ओरडत. तुझ्या नावानंही बरंच बोलले. शहरात राहून भाचीची हाव वाढली, पुढच्या वर्षी डोंगर मागेल, वगैरे. मी ऐकून घेतलं. कोकरं पोरांनी हाकली. सुनेनं मूल छातीशी बांधलं आणि सगळ्यात आधी चढून आली. माझं घोडं सामान वाहायला दिलं, म्हणून मी शेवटी आलो.

कोजोमुरातची लोखंडी चूल खालीच आहे. "चूल मागितलेली नाही तिनं," असं म्हणून त्यानं ती तिथेच ठेवली. उद्या येऊन घेतो म्हणाला. सवतीसारखा बोलतो, पण आता माझ्या शेजारीच बसला आहे. वारा फार आहे. खाली नदी काळी आहे, घोट्याएवढी. वरूनही दगड दिसतात. तो मघाशी म्हणाला, "नाही आला तर?"

म्हटलं, "तर ऑगस्टनंतर जागा परत मिळेल."

केंद्र बंद होणार याचं फार वाटत नाही. चौतीस वर्षं झाली. एजेला सांग, मेंढ्या तीन हरवल्या होत्या हे खरं आहे, पण एक परत आली होती.

१९ जुलै, सकाळ

सात वाजून दहा मिनिटांनी पाणी आलं. पुढची धार दोन माणसांएवढी उंच. अकरापर्यंत चाललं. हद्दीच्या दगडांपासून जुन्या पुलापर्यंत तुझी जागा गेली, पूलही गेला. चूल गेली. माणसं दोनदा मोजली. एक्केचाळीस आहेत. एशिमकुलच्या ट्रकला रस्ता नाही, म्हणून हे पत्र घोड्यावरून पाठवतोय.

आजच्या तारखेला रंगाच्या रकान्यात गढूळ लिही. आज बरोबर आहे.

तोलोमुश